पांढरी पाच

१

नवरा गेला की त्याच्या वस्तू एकेक करून घराबाहेर जातात, हे रेखा खोब्रागडेनं धरूनच ठेवलं होतं. कोट गेले, गाडी गेली, बूट कुणाच्याच मापाचे नव्हते म्हणून दानपेटीत गेले. पण त्याची चालसुद्धा दुसऱ्याच्या नावावर गेली आहे, हे तिला १९९७ च्या मार्चमधल्या एका रविवारी कळलं. पार्सिपनीच्या लायब्ररीखालच्या हॉलमध्ये हौशी वादकांची तालीम चालू होती. राजारामचा व्हायोला, म्हणजे जरा मोठं व्हायोलिन, त्या मंडळींना देऊन टाकावा म्हणून ती आली होती. दार ढकललं आणि व्हायोलाची पेटी हातात तशीच राहिली.

सहा जण वाजवत होते, आणि ते जे वाजवत होते ते तिच्या बैठकीच्या खोलीत वर्षानुवर्षं हार्मोनियमवर वाजत आलं होतं.

वाजवणं थांबल्यावर तिनं विचारलं, हे कुणाचं. ग्रुपचे सेक्रेटरी शशिकांत मराठे कौतुकानं म्हणाले, आपल्या केदार हर्डीकरचं. ब्राह्म्सला जाऊन शंभर वर्षं होतात, त्यासाठी खास केलंय. रेखानं व्हायोला खाली ठेवला, मग पुन्हा उचलला आणि कोणाशी न बोलता घरी आली. घरून तिनं अंजना गजभियेला फोन लावला.

अंजना एका विमा कंपनीत क्लेम तपासायची. जळालेली किचन्स, चोरीला गेलेल्या गाड्या, तळघरात शिरलेलं पाणी. लोक त्यांच्या ज्या गोष्टी सांगत त्या शांतपणे ऐकणं, आणि कुठली गोष्ट आधी घडली व कुठली मागाहून रचली ते ओळखणं, हे तिचं काम. दोघी नागपूरच्या, एकाच वस्तीतल्या. चौदा एप्रिलची जयंती इथं परदेशातल्या शाळेच्या कॅफेटेरियात दरवर्षी दोघींच्या जिवावर व्हायची.

"चूक होत नाहीये ना ताई?" अंजनानं विचारलं. "दुःखात माणसाला सगळीकडे आपलंच माणूस ऐकू येतं."

"चाल तीच आहे," रेखा म्हणाली. "फक्त बसलेली वाटली. आजारी माणसाचा आवाज बसतो तशी."

तिचं मागणं एकच होतं. एप्रिलच्या पहिल्या शनिवारी कार्यक्रम होता. त्याची पुस्तिका छापायला जाण्याआधी त्यात राजारामचं नाव यायला हवं. "मूल नाही आम्हाला. मागं राहिलं ते एवढंच. तेही हर्डीकर म्हणून राहणार असेल तर सांग, मी तसं मन करते."

राजाराम औषधांच्या कंपनीत केमिस्ट होता. नागपूरला असताना गायन पार्टीत पेटी वाजवायचा. इथं आल्यावर चाळिशीत व्हायोला शिकला आणि ब्राह्म्स ह्या संगीतकाराच्या नादी लागला. जर्मनीतल्या हॅम्बुर्ग बंदरातल्या गरीब गल्लीत जन्मलेला, नाचघरांत वाजवून पोट भरणाऱ्या बापाचा हा मुलगा राजारामला घरचा वाटे. नागपूरचे दोस्त फोनवर खेचायचे, काय रे, ब्राह्मणाचं संगीत ऐकतोस म्हणे. राजाराम म्हणायचा, शेवटी 'ण' नाही त्याच्या, म्हणून चालतो.

त्यानं ही चाल पेटीवर वाजवून एका कॅसेटवर भरून ठेवली होती. कॅसेट पेटीच्या झाकणावर असायची. तो गेल्यावर शोकसभा झाली, त्या दिवसापासून ती दिसली नव्हती. ग्रुपमधले तिघंच त्या दिवशी घरात आले होते. शशिकांत, केदार हर्डीकर आणि चेलो, म्हणजे खर्जातलं मोठं व्हायोलिन, वाजवणारी हिमानी.

"कोणत्या पट्टीत वाजवायचे ते?" अंजनानं सहज विचारलं. गाणारा आपला सा पेटीच्या ज्या पट्टीवर धरतो, ती त्याची पट्टी.

"पांढरी पाच," रेखा म्हणाली. "नेहमी पांढरी पाचच."

अंजनानं ते मनात ठेवलं. तेव्हा तरी त्यात विशेष काही दिसलं नाही.

२

शशिकांतकाका निवृत्त इंजिनियर. टाऊनहाऊसमध्ये सोफ्यावर अजून प्लॅस्टिक. त्यांनी चहा स्वतः केला, बिस्किटांचा डबा पुढे सरकवला आणि अंजनानं तोंड उघडायच्या आत राजारामबद्दल भरपूर चांगलं बोलून घेतलं. माणूस दिलदार. तालमीला कधी उशीर नाही. ब्राह्म्सवर बोलायला लागला की लायब्ररीवाले दिवे घालवेपर्यंत बोलायचा.

पण, म्हणाले, चाल गुणगुणणं वेगळं आणि सहा वाद्यांचं लिहिणं वेगळं. राजारामला स्टाफ नोटेशन, म्हणजे पाश्चात्यांची पाच रेघांवरची सुरलिपी, बोट ठेवून ठेवून वाचावी लागायची. केदारनं पुण्यात लहानपणापासून पियानोच्या परीक्षा दिलेल्या. रेडमंडला सॉफ्टवेअरमध्ये होता तेव्हाही तिथल्या ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवायचा.

"अंजना, भीमगीतांना पेटीवर साथ करणारा माणूस आणि हे! मी कमी लेखत नाही हं. त्याचं ते त्याच्या जागी उत्तमच होतं."

अंजनानं बिस्किट घेतलं नाही.

"आणि एक विनंती. ह्याला तू तो रंग देऊ नकोस."

"कुठला रंग, काका?"

काका बशीतला चमचा इकडून तिकडे करत राहिले. मग त्यांनी विषय बदलला. ह्या कार्यक्रमासाठी प्रत्येकाला त्यांनी सांगितलं होतं, की नुसती नवी रचना नको, ब्राह्म्सशी काहीतरी नातं दाखवा. केदारनं आणलेलं नातं ऐकून ते थक्क झाले होते. त्याच्या चालीच्या मुख्य तीन सुरांतच पुरावा आहे, म्हणाले. तू त्यालाच विचार, आणि ऐकून झालं की रेखाला समजावून सांग, तुझं ती ऐकेल.

दारापर्यंत सोडायला आल्यावर त्यांनी आपण होऊन आणखी एक सांगितलं. शोकसभेच्या दिवशी ते घरात फार आत गेलेच नव्हते. लोकांच्या कोटांचा ढीग सांभाळत होते. पेटीजवळ कोण बसलं होतं, ते त्यांना आठवत नव्हतं. त्यांना विचारलं नव्हतं तरी सांगितलं, हे अंजनानं टिपून घेतलं.

३

केदार हर्डीकर तिशीतला, बारीक, बोलायला मऊ. ऑफिसच्या कॅफेटेरियात त्यानं अंजनासाठी खुर्ची ओढली. रेखावहिनींबद्दल त्याला वाईट वाटत होतं, आणि ते खोटं वाटत नव्हतं. राजारामदादांचा आपल्यावर प्रभाव आहे, म्हणाला. ब्राह्म्स त्यांनीच ऐकायला लावला. त्यामुळे एखादी छटा त्यांच्यासारखी आली असेल, तर तो मानच समजा.

मग त्यानं ब्राह्म्सशी नात्याची, राजारामदादांकडूनच ऐकलेली गोष्ट सांगितली. ब्राह्म्स पंचविशीत असताना एका गावी एका प्राध्यापकाच्या अगाथे नावाच्या मुलीच्या प्रेमात पडला. अंगठ्या झाल्या. पुढे त्यानं कळवलं, प्रेम आहे, पण बेड्या नकोत. तिनं संबंध तोडला. काही वर्षांनी त्यानं सहा तंतुवाद्यांसाठी एक रचना केली आणि तिच्या ऐन भरात त्या मुलीचं नाव सुरांच्या ए, बी, सी ह्या नावांतून घातलं. ए, जी, ए, एच, ई. टी नावाचा सूर नसतो म्हणून टी गाळला.

"एच तरी कुठे असतो?" अंजनानं विचारलं.

"जर्मनांत असतो. आपण ज्याला बी म्हणतो त्याला ते एच म्हणतात." त्यानं ट्रे बाजूला सरकवला. "माझी थीम, म्हणजे मुख्य सुरावट, डी, जी, एच. दिलीप गजानन हर्डीकर. माझे वडील."

वडील पुण्यात गेले तेव्हा त्याच्या व्हिसाचे कागद अडकलेले होते. गेला असता तर परत येता आलं नसतं. भावानं फोन जमिनीवर ठेवून मंत्र ऐकवले होते. हे सांगताना केदारनं प्लॅस्टिकच्या काट्याचा एक दात मोडला.

अंजनानं मान हलवली आणि तिचा नेहमीचा प्रश्न विचारला. अक्षरं आधी सुचली की चाल? अक्षरं, तो म्हणाला. थोड्या वेळानं तिनं दुसरीकडून विचारलं, म्हणजे चाल आधी डोक्यात घोळत होती आणि वडिलांचं नाव तिच्यात सापडलं, असं नाही? नाही नाही, म्हणाला. निघताना तिसऱ्यांदा विचारलं.

"ताई, अक्षरं आधी, मग चाल. अक्षरंच नसती तर चाल आलीच नसती. ऑफकोर्स."

गाडीत बसल्यावर अंजना बराच वेळ चावी न फिरवता थांबली. तीन सूर, बापाच्या नावाची तीन अक्षरं, तीही ओळीनं. योगायोगानं असं घडत नाही. इतक्या वर्षांत तिनं शेकडो माणसांचं खोटं पकडलं होतं, आणि ह्या मुलाच्या डोळ्यांतलं पाणी खरं होतं. खोटा क्लेम रेखाताईचा असेल, हा विचार तिच्या मनात तेव्हा पहिल्यांदा आला.

४

हिमानी दातांची डॉक्टर. मूळची मुंबईची, बोलणं फटाफट. दोन पेशंटांच्या मधल्या वेळात ती सॅलड खात होती.

तिला केदारचा राग नव्हता, राजारामबद्दल माया होती आणि कॅसेटबद्दल काही माहीत नव्हतं. शोकसभेच्या दिवशी ती किचनमध्ये रेखाबरोबर कप विसळत होती. केदार कुठे होता? बैठकीच्या खोलीतच. पेटीपाशी एकटा बसला होता, रडवेला. तिला त्याची दया आली होती.

"पीस कसा आहे?"

"सुंदर आहे यार. फक्त माझा पार्ट म्हणजे डोक्याला ताप." तिनं काटा हवेत धरला. "सुरुवातीला चेलो हळूहळू खाली उतरतो, एकेक पायरी. आणि मध्येच उडी! माणूस तळघरात जायला निघालाय आणि तिसऱ्या पायरीवर कोणीतरी त्याला उचलून थेट माळ्यावर ठेवतं. केदारला म्हटलं, हे काय आहे? तर म्हणे, इफेक्ट आहे."

"सरळ खालीच का नाही उतरत?"

"कारण खाली काही नाहीच. चेलोची शेवटची तार संपते. त्याच्याखाली सूरच नाही."

अंजनानं आपली डायरी मिटली. ज्यानं चेलोसाठी मुळात लिहिलंय, त्याला चेलोची तार कुठे संपते ते माहीत असणार, ती म्हणाली. मग तो असा जिना का बांधेल, ज्याच्या पायऱ्या मध्येच संपतात?

हिमानी चावायची थांबली.

"हा जिना मुळात वरच्या मजल्यावर बांधला असेल तर?" अंजना म्हणाली. "आणि कोणी सगळं घरच खाली सरकवलं असेल?"

"ट्रान्सपोज." हिमानीनं डबा बाजूला ठेवला. "कॉम्प्युटरवर एक कमांड. सगळे सूर एकदम खाली येतात. जे तारेच्या खाली जातील तेवढे हातानं उचलून वर ठेवायचे." ती गुणगुणली, बोटं मिटली, पुन्हा गुणगुणली. "चौथ्या सुरावर नेलं तर बसतं. पूर्ण जिना बसतो, एकही उडी नाही. डी-मध्ये, म्हणजे सा डी-वर धरून, आहे ते मग जी-मध्ये जाईल."

"आपल्या पेटीवर जी म्हणजे?"

हिमानी लहानपणी दादरला गाण्याच्या क्लासला जायची. तिनं टेबलाच्या कडेवर सी-पासून पांढऱ्या पट्ट्या मोजल्या. एक, दोन, तीन, चार.

"पांढरी पाच," ती म्हणाली.

५

शनिवारी दुपारी अंजना रेखाकडे गेली. केदारचा खोटेपणा आता तिच्या मुठीत होता. पण एक गाठ सुटत नव्हती. जी-मध्ये नेलं की तीन सुरांची अक्षरं बदलतात. डी, जी, एच उरत नाही. जी, सी, ई होतं. दिलीप गजानन हर्डीकर नाहीसे होतात, पण त्यांच्या जागी कोणीच येत नाही. ब्राह्म्स ज्याच्या डोक्यात घर करून होता, अगाथेची गोष्ट ज्यानं केदारला सांगितली, तो राजाराम निरर्थक तीन सूर घेऊन बसला असेल?

पेटी बैठकीत होती, वर लोकरीची शाल. रेखा भात टाकायला उठत होती, तेवढ्यात अंजनानं विचारलं, "भाऊजींची स्वतःची पट्टी कुठली हो?"

"काळी एक."

"मग पांढरी पाच कशी? ती तर बाईमाणसाची पट्टी. त्यांना स्वतःला म्हणतासुद्धा आली नसेल."

रेखा पदर खोचत उठली. कुकर लावते म्हणाली आणि आत गेली. कुकर लावायला लागतो त्याहून बराच अधिक वेळ ती आत होती.

अंजनानं शाल काढली, भाता सोडला. पांढऱ्या पाचवर बोट ठेवलं. इथं सा. मग केदारची थीम ह्या सा-वरून वाजवली. तीनच सूर. आणि तिला एकदम कळलं, की ती चार दिवस चुकीच्या लिपीत वाचत होती. एबीसी ही त्यांची अक्षरं. पेटीवाल्याला सुरांना ती नावं नसतातच. नागपुरातल्या इंदोऱ्याच्या गायन पार्टीत वाढलेला माणूस नाव घालेल ते कशात घालेल? तिनं ते तीन सूर पुन्हा दाबले, ह्या वेळी तोंडानं म्हणत. मग काना-मात्रा लावून म्हणून पाहिले.

तिनं भाता बंद केला. पेटीवर शाल होती तशी घातली, घडीसुद्धा तीच.

रेखा पदराला हात पुसत बाहेर आली. काय सापडलं, असं तिनं विचारलं.

"केदार सापडला," अंजना म्हणाली. "उद्या तालमीला चला. बोलायचं मी बघते. तुम्ही नुसतं बसा."

दुसरं जे सापडलं होतं, ते ह्या घरात कधीच बोलायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. चेलोच्या उडीवर केस उभी राहत होती. तेवढ्यावर भागलं पाहिजे.

६

तेवढ्यावर भागलं नाही.

रविवारी तालीम संपल्यावर इतर वादक गेले. हॉलमध्ये पाच जण उरले. अंजनानं हिमानीला चेलोचा तो भाग आधी आहे तसा आणि मग चौथ्या सुरावर नेऊन वाजवायला सांगितला. दुसऱ्या वेळी चेलो शेवटच्या पायरीपर्यंत विनासायास उतरला. शशिकांतकाकांनासुद्धा फरक कळला. ते खुर्चीत पुढे सरकले.

मग अंजनानं अहवाल वाचावा तशा आवाजात मांडलं. रचना आधी जी-मध्ये होती. ती मागाहून डी-मध्ये आणली. जी-मध्ये वडिलांची अक्षरं नाहीत, म्हणजे अक्षरं चालीनंतर आली. केदारनं मात्र तीन वेळा सांगितलंय, अक्षरं आधी. रेखाताईंना स्टाफ नोटेशन वाचता येत नाही, त्यांनी तुझे कागदही पाहिलेले नाहीत. तरी पहिल्याच दिवशी त्या पांढरी पाच म्हणाल्या. ज्या पट्टीत तुझा मोडका जिना सांधला जातो, नेमकी तीच पट्टी.

केदार पांढरा पडला होता, पण तो हुशार होता.

"ओके. समजा मी जी-मध्ये सुरुवात केली आणि नंतर बदललं. तुम्हाला सांगताना थोडं रोमँटिक केलं. त्यानं ते राजारामदादांचं कसं होतं? वहिनींनी पांढरी पाच म्हटलं, हा योगायोग." त्यानं काकांकडे पाहिलं. "माझ्या थीमला अर्थ आहे. जी, सी, ई-ला काय अर्थ आहे? दादांनी ब्राह्म्सचा एवढा अभ्यास केला आणि सुरांत काहीच नाव घातलं नाही? मग त्यांचं आहे हे ठरवता कशावरून?"

"पॉइंट आहे," काका म्हणाले. त्यांचा जीव भांड्यात पडल्यासारखा झाला. "अंजना, उत्तर आहे का तुझ्याकडे?"

अंजनाकडे उत्तर होतं. पुस्तिका सोमवारी छापायला जाणार होती. तिनं रेखाकडे पाहिलं नाही. "नाही," ती म्हणाली.

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. रेखा उठून भिंतीजवळच्या पियानोकडे गेली. पेटीवर मोजतात तशा तिनं पांढऱ्या पट्ट्या दोन काळ्यांच्या जोडीआधीच्या पांढरीपासून मोजल्या आणि पाचवीवर थांबली.

"माझं लग्न झालं तेव्हा मी ह्यांना म्हटलं, माझं नाव वाजवून दाखवा. सगळ्या पोरासोरांची नावं वाजवायचे पेटीवर. म्हणाले, रे आहे, पण ख-चा सूर कोणी केलाच नाही." तिनं एक पट्टी दाबली. "हा सा." तीन पट्ट्या पुढची. "हा म." आणखी दोन पुढची. "हा ध." मग तिनं तिन्ही एकापाठोपाठ वाजवले, हळू, आणि वाजवता वाजवता म्हणाली, "सु, मे, धा."

तिनं हात पट्ट्यांवरून उचलला.

"सुमेधा वासनिक. ह्यांच्या पार्टीत गायची. पांढरी पाच तिची. आमच्या लग्नात त्रिशरण तिनंच म्हटलं, हे समोर बसले होते माझ्या शेजारी. काय सुंदर म्हणते म्हटलं मी." तिनं पियानोचं झाकण लावलं. "काल ही माझ्याकडे पट्टी विचारायला लागली तेव्हा किचनमध्ये कळलं मला. एवढी वर्षं कळलं नाही."

हिमानीनं चेलो भिंतीला टेकवला. शशिकांतकाका जमिनीकडे बघत होते.

केदारच बोलला. आवाज लहान झाला होता. "एकदा मी त्यांना म्हटलं होतं, जी-मध्ये व्हायोलिन फार वर जातंय, खाली आणू का. ते म्हणाले, कुठल्याही पट्टीत ने, नाव तेच राहील." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "मला वाटलं, त्यांचं स्वतःचं नाव म्हणतायत. रचनाकार म्हणून. मला वाटलं, हसतायत माझ्यावर."

मग सगळं आलं. राजारामनं नोटेशन करायला कॅसेटची एक कॉपी दिली होती. साथीच्या सुरांची हार्मनी केदारनं घातली, सहा वाद्यांत वाटलं त्यानं, रात्रंदिवस बसून. राजाराम गेला तेव्हा काम संपतच आलं होतं. मूळ कॅसेट शोकसभेला उचलली. बाकी सगळ्यांच्या हातात चहा होता. काकांनी ब्राह्म्सशी नातं मागितलं, तेव्हा त्यानं तीन सूर घेऊन एकेक पट्टी खाली उतरवत बघितलं, आणि डी-वर त्याला वडील भेटले.

"त्या चालीला नावच नव्हतं, असं समजत होतो मी," तो म्हणाला. "म्हणून मी दिलं."

"विचारायचं होतंस," रेखा म्हणाली. "मी होते की जिवंत."

शशिकांतकाकांनी पुस्तिकेचा कागद पुढे ओढला. हे सगळं घरातच ठेवू, म्हणाले; पुस्तिकेत दोघांची नावं घालू, आधी राजारामचं. रेखानं ऐकून घेतलं आणि सांगितलं, की चाल राजाराम खोब्रागडे, वाद्यरचना केदार हर्डीकर, असं स्पष्ट छापायचं. ज्याचं जे आहे ते त्याचं. आणि जी-मध्ये वाजवायचं.

"अर्पणपत्रिकेची ओळ ठेवायची का?" काकांनी विचारलं. सवयीनं विचारलं, आणि विचारल्यावर त्यांना स्वतःलाच कसंतरी झालं.

"ठेवा," रेखा म्हणाली. "'सुमेधास' लिहा. काही खुलासा नको."

७

कार्यक्रमाला गर्दी बरी झाली. केदार आला नाही. त्याच्या जागी न्यूअर्कचा एक व्हायोलिनवाला बसला. निवेदिकेनं राजाराम खोब्रागडे हे नाव दोनदा, दोन वेगवेगळ्या चुका करून घेतलं. रेखा पहिल्या रांगेत होती, निळ्या काठाच्या पांढऱ्या साडीत. शेजारी अंजना.

थीम आधी व्हायोलात आली. मग पहिल्या व्हायोलिननं घेतली, मग दुसऱ्यानं, मग चेलोत खाली उतरली आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवर जाऊन थांबली. ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांना ते तीन सूर होते. अंजनाला मात्र आता त्यांत दुसरं काही ऐकूच येईना. सहाच्या सहा वाद्यं आळीपाळीनं एकाच बाईला हाका मारत होती, आणि जिनं ह्या हाका परत मिळवून दिल्या ती मांडीवर हात ठेवून सरळ बसली होती.

नंतर लोक भेटायला आले. फ्रीमाँटहून लेकीकडे आलेल्या भावना नावाच्या एका काकूंनी रेखाचे दोन्ही हात धरले. "नशीबवान आहेस गं. सुमेधा म्हणजे तुझंच ना, सासरचं नाव?"

"हो," रेखा म्हणाली.

पार्किंगमध्ये पाऊस नव्हता, नुसता ओलसर गारठा. अंजनानं हीटर लावला. काहीतरी बोलावं म्हणून ती म्हणाली, हवं होतं ते झालं ताई. नाव आलं. आता कोणी काढू शकत नाही.

रेखा काचेतून बाहेर बघत होती. लोक एकमेकांना हात करत गाड्यांत बसत होते.

"माझा आवाज जड," ती म्हणाली. "दरवेळी म्हणायचे मी ह्यांना, जरा खालच्या पट्टीत घ्या ना, मलाही म्हणता येईल. हे म्हणायचे, खाली घेतलं तर ते ते राहणार नाही." तिनं सीटबेल्ट ओढला, तो लागेना, पुन्हा ओढला. "केदारनं खाली आणलं होतं ना, तेव्हा पहिल्यांदा मला ते म्हणता येत होतं."